यॉर्कचा शायर

मी चौथी-पाचवीत होते तेव्हा आमच्या घरात पेपर शेवटच्या पानापासून वाचला जायचा, कारण क्रिकेट शेवटच्या पानावर असायचं. त्या पानाच्या कोपऱ्यात, अगदी मुंगीएवढ्या अक्षरांत, इंग्लंडमधल्या सामन्यांचे धावफलक छापलेले असत. यॉर्कशायर, लँकेशायर, डर्बीशायर, हॅम्पशायर. मला वाटायचं, काय थोर देश आहे! गावोगावी शायर! आपले शायर मुशायऱ्यात बसून शेर म्हणतात आणि तिथले शायर पॅड बांधून बॅटिंग करतात. यॉर्कच्या शायराने डर्बीच्या शायराला डावाने हरवलं, असं मी मनातल्या मनात वाचत असे.

परवा हे माझ्या भाचीला सांगितलं, तर ती जमिनीवर लोळून हसली. हसून झाल्यावर मात्र तिने विचारलं, "मग मावशी, शायर म्हणजे काय गं?"

आता आली का पंचाईत! एका शब्दाचं उत्तर द्यायला बसले आणि संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी इंग्लंडच्या नकाशावर पालथ्या पडून होतो. त्या संध्याकाळी काय काय सापडलं, ते तुम्हालाही सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे तो शायर नाहीच. इंग्लंडमधली माणसं 'यॉर्कशर' म्हणतात, शेवट अगदी गिळून टाकतात. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'शीर' असा शब्द होता. शीर म्हणजे कुणाकडे सोपवलेलं काम, जबाबदारी. राजा एखाद्याला म्हणायचा, एवढा मुलूख तू सांभाळ. मग त्या मुलखालाच शीर म्हणू लागले. म्हणजे आपला जिल्हा किंवा परगणा म्हणा ना. जिल्हा सांभाळायचा तर कारभारी हवा. कारभाऱ्याला म्हणायचे 'गेरेफा'. शीरचा गेरेफा, शीर-गेरेफा, भराभर म्हणून बघा. शीरगेरेफा, शीरेरेफ, शेरीफ! रॉबिन हूडच्या मागे लागलेला तो दुष्ट नॉटिंगहॅमचा शेरीफ आठवतो? तो म्हणजे तिथला जिल्ह्याचा कारभारी.

शेरीफ फक्त तिकडेच होते असं नाही. इंग्रजांनी हे पद मुंबईतही आणलं. मराठीत त्याला नगरपाल म्हणतात. एका वर्षाचं मानाचं पद, हाती बेड्या नाहीत की कमरेला पिस्तूल नाही. १९९४ मध्ये मुंबईचे नगरपाल कोण झाले माहीत आहे? सुनील गावसकर! आणि हेच गावसकर १९८० मध्ये इंग्लंडच्या सॉमरसेट काउंटीकडून खेळले होते. त्या सॉमरसेटकडे मी शेवटी येणार आहे, विसरू नका.

आणि काउंटी? तो शब्द फ्रान्सहून आला. १०६६ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी भागातल्या विल्यम नावाच्या सरदाराने इंग्लंड जिंकलं आणि तिथला राजा झाला. त्याच्या माणसांच्या भाषेत 'काउंट' नावाचा मोठा सरदार असायचा आणि त्याचा मुलूख ती काउंटी. गंमत अशी, की इंग्लंडने काउंटी घेतली पण काउंट घेतला नाही. तिथल्या सरदाराला आजही 'अर्ल' म्हणतात, त्याच्या बायकोला मात्र 'काउंटेस'. नवरा एका भाषेत, बायको दुसऱ्या भाषेत!

बरं, आता नावांकडे येऊ. भाचीने नकाशावर बोट ठेवलं ते एसेक्सवर. मग ससेक्स, मग मिडलसेक्स. "हे सगळे चुलतभाऊ आहेत का?"

अगदी बरोबर ओळखलं तिने. रोमन लोक ब्रिटन सोडून गेल्यावर, म्हणजे पाचव्या शतकात, समुद्रापलीकडून, आजच्या उत्तर जर्मनी आणि डेन्मार्ककडून, होड्या भरभरून माणसं येऊ लागली. त्यात सॅक्सन नावाचे लोक होते. पूर्वेला उतरले ते ईस्ट सॅक्सन, दक्षिणेला उतरले ते साउथ सॅक्सन. पूर्व सॅक्सनांचा झाला एसेक्स, दक्षिण सॅक्सनांचा ससेक्स, मधल्यांचा मिडलसेक्स. पश्चिमेकडच्या सॅक्सनांचं तर मोठं राज्य होतं, वेसेक्स. मग उत्तर सॅक्सन कुठे गेले? ते नव्हतेच! उत्तरेला दुसरी टोळी येऊन बसली होती, अँगल लोकांची. त्यांच्याच नावावरून पुढे सगळ्या देशाला इंग्लंड म्हणू लागले, अँगल लोकांची भूमी. म्हणजे सॅक्सनांनी तीन-चार कोपरे अडवले आणि अँगलांनी अख्खी पाटी स्वतःच्या नावाची लावली.

सॅक्सन लोक कमरेला एक लांब सुरा लावायचे, त्याचं नाव 'सॅक्स'. त्यावरूनच त्यांना सॅक्सन म्हणू लागले असं मानतात. एसेक्सचा झेंडा शोधून बघा. लाल कापडावर तीन पांढरे सुरे आहेत.

बिचाऱ्या मिडलसेक्सचं मात्र वाईट वाटतं. त्याचं नाव ७०४ सालच्या एका दानपत्रात सापडतं, इतकं ते जुनं. पण शेजारचं लंडन फुगत गेलं, फुगत गेलं आणि १९६५ मध्ये त्याने जवळजवळ अख्खं मिडलसेक्स गिळलं. आज तो जिल्हा कारभारात कुठेच नाही. पण क्रिकेटच्या मैदानावर आहे! मिडलसेक्सचा संघ लॉर्ड्सवर खेळतो आणि गुणतक्त्यात दिमाखात असतो. जिल्हा गेला, बॅट राहिली.

सॅक्सनांसारखेच अँगल लोकही दिशा बघून नावं ठेवणारे. त्यांच्यातली उत्तरेकडची मंडळी म्हणजे नॉर्थ फोक, तो नॉर्फोक. दक्षिणेकडची मंडळी म्हणजे साउथ फोक, तो सफोक. सरे म्हणजे दक्षिणेचा मुलूख, थेम्स नदीच्या दक्षिणेचा. सोपं आहे. इतकं सोपं, की भाची म्हणाली, "ह्यात काय, हे तर मीपण केलं असतं."

मग मी तिला सदरलंड शोधायला सांगितलं. सदरलंड म्हणजे 'दक्षिणेची भूमी'. तिने नकाशाच्या तळापासून शोधायला सुरुवात केली. लंडन गेलं, अख्खं इंग्लंड गेलं, स्कॉटलंड सुरू झालं, तरी पत्ता नाही. बोट वर वर सरकत नकाशाच्या जवळजवळ टोकाला गेलं आणि तिथे, स्कॉटलंडच्या पार उत्तरेला, सदरलंड! दक्षिणेची भूमी उत्तरेच्या टोकाला? छापायची चूक झाली म्हणावं तर तसंही नाही.

ही चूक नाही. हे नाव ठेवलं समुद्रापलीकडून आलेल्या व्हायकिंग लोकांनी. आणि व्हायकिंग बसले होते त्याच्याही उत्तरेला, ऑर्क्नी बेटांवर. तिथून त्यांना ही जमीन दक्षिणेलाच दिसायची! कोकणातला माणूस म्हणतो 'वर घाटावर', घाटावरचा म्हणतो 'खाली कोकणात'. डोंगर तोच असतो. तेव्हा एखादं नाव विचित्र वाटलं तर आधी विचारायचं, नाव ठेवणारा कुठे उभा होता?

आता मराठीतली एक गंमत. आपल्याकडे 'नाव ठेवणं' वेगळं आणि 'नावं ठेवणं' वेगळं. बाळाचं नाव ठेवतात आणि शेजाऱ्यांना नावं ठेवतात. एका अनुस्वाराचा फरक! पण इंग्लंडच्या नकाशावर कधी कधी दोन्ही कामं एकदमच झाली आहेत.

कॉर्नवॉल बघा. इंग्लंडचा नैर्ऋत्येकडचा पाय समुद्रात लांबवर गेलाय, त्याचं टोक. तिथल्या जुन्या केल्टिक लोकांना ते टोक शिंगासारखं वाटलं. त्यांच्या भाषेत शिंगाला 'कॉर्न'सारखा शब्द होता. त्यावरून ती शिंगावरची माणसं. इथे थांबा, कारण इथे आपलं नातं लागतं. हा 'कॉर्न', इंग्रजीतला 'हॉर्न' आणि आपलं 'शिंग', म्हणजे संस्कृतमधलं 'शृंग', हे हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच मुळातून फुटलेले शब्द आहेत. आपल्या गावच्या बैलाच्या डोक्यावर आणि इंग्लंडच्या नकाशाच्या टोकावर एकच शब्द बसलाय!

हे झालं नाव ठेवणं. मग आले सॅक्सन. त्यांनी मागे 'वॉल' जोडलं. ही भिंत नव्हे हं. सॅक्सनांच्या भाषेत 'वेआल्ह' म्हणजे परका, आपली भाषा न बोलणारा. कॉर्नवॉल म्हणजे 'शिंगावरचे परके'. वेल्स हे नावही त्याच शब्दाचं, नुसतंच 'परके'. आता बघा, ही माणसं तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. होडीतून नंतर कोण आलं? सॅक्सन. आणि परके कोण ठरले? जे घरात बसले होते ते! वेल्सची माणसं स्वतःला काय म्हणतात माहीत आहे? 'कम्री'. म्हणजे 'एका मुलखातले, आपली माणसं'. एकाच माणसांची दोन नावं, एक घरातलं आणि एक शेजाऱ्याने ठेवलेलं. पण ते घरातलं नावही नकाशावर टिकून आहे बरं का. उत्तर इंग्लंडमध्ये कंबरलंड नावाचा जुना जिल्हा आहे, तो म्हणजे 'कम्री लोकांची भूमी'.

तो 'वेआल्ह' आणखी एका ठिकाणी लपलाय आणि ती जागा तुमच्या स्वयंपाकघरात आहे. अक्रोडाला इंग्रजीत काय म्हणतात? वॉलनट! भिंतीवर लागत नाही, काही नाही. वॉलनट म्हणजे परकं नट, परमुलखातून आलेलं. आपल्याकडे विलायती चिंच असते ना, शाळेबाहेर मिळते ती गुलाबी-पांढरी, तसाच हा 'विलायती' अक्रोड. आणि ती चिंच तरी विलायतेची कुठे आहे? ती आली पार मेक्सिकोकडून! बाहेरचं आहे ना, मग म्हणा विलायती.

आणि आता हा 'विलायत' शब्दच घ्या. अरबी-फारसीतून तो आला आणि त्याचा मूळ अर्थ प्रांत, कुणाच्या तरी अंमलाखालचा मुलूख. म्हणजे जवळजवळ शीरच की! आपल्याकडे हळूहळू त्याचा अर्थ झाला 'परक्यांचा देश' आणि मग 'साहेबाचा देश', इंग्लंड. इथे राहणाऱ्या गोऱ्या शिपायांनी तो ऐकला आणि आपल्या घराला लाडाने म्हणू लागले 'ब्लायटी'. विलायती, बिलायती, ब्लायटी. पहिल्या महायुद्धात खंदकात बसलेले इंग्रज सैनिक घराच्या आठवणीने 'ब्लायटी, ब्लायटी' करायचे, तेव्हा त्यांच्या तोंडी आपला शब्द होता.

आता यॉर्क. माझा लाडका यॉर्क. लेखाला नावही त्याचंच दिलंय, तेव्हा इथे जरा बसूच.

तुम्ही तो खेळ खेळला असाल. सगळे रांगेत बसतात, पहिला दुसऱ्याच्या कानात काहीतरी कुजबुजतो, दुसरा तिसऱ्याच्या, आणि शेवटचा जे मोठ्याने सांगतो ते ऐकून सगळे हसत सुटतात. 'काकूने कैरी कापली' निघते आणि 'काकांची गाडी आपटली' पोचते. यॉर्क हे नाव म्हणजे हाच खेळ. फक्त रांगेत बसलेत चार प्रकारचे लोक आणि खेळ चाललाय हजार वर्षं.

पहिले बसले केल्टिक लोक. ते त्या जागेला म्हणायचे 'एबुराकॉन'सारखं काहीतरी. अर्थ बहुधा 'यू झाडांची जागा'. यू हे तिकडचं एक सदाहरित झाड, फार म्हातारं होणारं.

दुसरे आले रोमन. इसवी सन ७१ मध्ये त्यांनी तिथे किल्ला बांधला. नाव ऐकलं, आपल्या लॅटिन पद्धतीने त्याला शेपूट लावलं आणि म्हणाले, 'एबोराकम'. कानाला तेवढं लागलं, पण झाड काही कळलं नाही.

तिसरे अँगल लोक. त्यांना 'एबोर' ऐकू आलं आणि ते म्हणाले, अरे हे तर आपल्या ओळखीचं! त्यांच्या भाषेत 'एओफोर' म्हणजे रानडुक्कर. आणि वस्तीला ते म्हणायचे 'विक'. झालं, 'एओफोरविक'. यू झाडांच्या सावलीतून एकदम रानडुकरांच्या गावात! झाडाचं डुक्कर झालं. कुणी जादू केली नाही, फक्त ऐकण्यात गल्लत झाली.

चौथे आले व्हायकिंग. ८६६ मध्ये त्यांनी शहर जिंकलं. 'एओफोरविक' म्हणता म्हणता त्यांची जीभ वळेना, मग त्यांनी केलं 'योरविक'. पुढे लोक तेही घाईघाईत म्हणू लागले. योरविक, योर्क, यॉर्क. रानडुक्करही पळालं. आता त्या शब्दात ना झाड उरलंय ना जनावर.

हे ऐकून भाची म्हणाली, "मग न्यूयॉर्क?" तर न्यूयॉर्कही त्यातलंच. १६६४ मध्ये इंग्रजांनी ते शहर डच लोकांकडून घेतलं. तेव्हा त्याचं नाव होतं न्यू अ‍ॅमस्टरडॅम. इंग्रजांनी ते बदलून राजाच्या भावाच्या नावाने ठेवलं. तो भाऊ होता यॉर्कचा ड्यूक. म्हणजे मधली सगळी रांग ओलांडून अर्थ लावला तर न्यूयॉर्क म्हणजे 'नवं रानडुक्करपूर'! आणि गोलंदाज थेट पायात टाकतो तो यॉर्कर? कोशकारांचा अंदाज आहे की तो शब्दही यॉर्कशायरच्या खेळाडूंवरून आला असावा. तेव्हा बुमराने यॉर्कर टाकला की फलंदाज का उड्या मारतो ते आता कळलं. पायात रानडुक्कर सोडल्यावर काय करेल बिचारा!

यॉर्कशायर इतका मोठा, की व्हायकिंगांनी त्याचे तीन भाग केले. तिसऱ्या हिश्श्याला त्यांच्या भाषेत 'थ्रिडिंग'सारखा शब्द होता. नॉर्थ थ्रिडिंग, ईस्ट थ्रिडिंग, वेस्ट थ्रिडिंग. आता 'नॉर्थ थ्रिडिंग' पाच वेळा पटपट म्हणा. दोन 'थ' एकमेकांना चिकटले ना? त्यातला एक पडला आणि उरलं 'रायडिंग'. इंग्रजी येणाऱ्याला वाटतं घोड्यावर बसायचं असेल. घोडा नाही नि गाढव नाही, नुसता तिसरा हिस्सा. आणि म्हणूनच तिथे साउथ रायडिंग नाही, कारण तीन हिश्श्यांत चौथा बसणार कुठे?

याच यॉर्कशायरच्या संघाने कितीतरी वर्षं बाहेरचा खेळाडू घेतलाच नव्हता. आमचं आम्ही बघू, असा त्यांचा ताठा. मग १९९२ मध्ये त्यांनी पहिला परदेशी खेळाडू घेतला, एकोणीस वर्षांचा, कुरळ्या केसांचा. मुंबईचा सचिन तेंडुलकर.

यॉर्कइतकं नाही, पण नॉटिंगहॅमचंही नाव बिघडलंय आणि ते बिघडलं हे त्यांचं नशीबच म्हणायचं. तिथे स्नॉट नावाचा एक पुढारी होता. तेव्हा ते चांगलं नाव होतं, जुन्या इंग्रजीत 'स्नॉटर' म्हणजे शहाणा. त्याच्या मंडळींचं गाव ते 'स्नॉटिंगाहॅम'. पण आजच्या इंग्रजीत 'स्नॉट' म्हणजे काय, ठाऊक आहे? शेंबूड! विचार करा, रॉबिन हूडच्या गोष्टीत 'शेंबूडगावचा शेरीफ' आला असता तर त्याला घाबरलं कोण असतं?

वाचवलं नॉर्मनांनी, म्हणजे नॉर्मंडीहून आलेल्या त्या विल्यमच्या माणसांनी. विल्यम राजाने १०८६ मध्ये सगळ्या देशाची मोजदाद करून एक मोठी वही तयार केली. कुणाकडे किती जमीन, किती बैल, किती गिरण्या, सगळं. डूम्सडे बुक म्हणतात तिला. त्यात हे गाव अजून 'स' लावूनच लिहिलंय. पण नॉर्मनांच्या जिभेला सुरुवातीचा 'स्न' जड जायचा. आपल्याकडे नाही का, 'स्टेशन' जड गेलं तर कुणी 'इस्टेशन' म्हणतं, कुणी सरळ 'ठेसन'? तसंच. नॉर्मनांनी 'स' टाकूनच दिला आणि उरलं नॉटिंगहॅम. पुढे हाच उद्योग गोऱ्या लोकांनी आपल्याकडे केला. मुंबईच्या शीवेवरचं गाव म्हणून 'शीव', त्याचं झालं सायन. वांद्र्याचं झालं बँड्रा. जीभ कुणाची का असेना, तिला अडखळायला आवडत नाही.

केंब्रिजची गोष्ट तर उलट्या पायांची. तिथल्या नदीचं नाव होतं ग्रँटा आणि तिच्यावरच्या पुलाचं गाव ते ग्रँटाब्रिज. नॉर्मनांच्या तोंडात जाऊन त्याचं झालं कँटब्रिज, मग केंब्रिज. इथवर ठीक. पण पुढच्या माणसांनी पाहिलं, गाव केंब्रिज, म्हणजे 'केम'वरचा पूल. मग खालून वाहते ती नदी केमच असणार! आणि त्यांनी नदीचंच नाव बदलून टाकलं. नदीवरून गावाचं नाव पडतं हे ऐकलं होतं, इथे गावाने नदीचं बारसं केलं. वरच्या अंगाला मात्र तिला अजून ग्रँटा म्हणतात. तिला बहुतेक कुणी कळवलेलं नाही.

पूल नव्हते तिथे उतार असायचा, पाणी उथळ असेल तिथून नदी पार करायची. त्याला 'फर्ड' म्हणतात. ऑक्सफर्ड म्हणजे बैल जिथून उतरतात ती जागा. मोठमोठे प्राध्यापक ऐटीत सांगतात, मी ऑक्सफर्डला शिकलो, आणि नाव मात्र बैलउताराचं! हार्टफर्डशायर हा सांबरांचा उतार. डर्बी हे व्हायकिंगांचं 'हरणांचं गाव'. बैल, सांबर, हरीण, रानडुक्कर... जिल्ह्यांची यादी आहे की राणीची बाग, असं भाचीला झालं.

आणि लेस्टर, वूस्टर, ग्लॉस्टर, मँचेस्टर, लँकेस्टर यांच्या शेवटी जी एकसारखी शेपटी दिसते, ती रोमन शिपायांची. त्यांच्या छावणीला लॅटिनमध्ये 'कास्त्रा' म्हणायचे. लँकेशायर तर लँकेस्टरवरून, म्हणजे लून नदीकाठच्या छावणीवरून आलेलं. ही शेपटी दिसली की समजायचं, इथे बहुधा कधीतरी रोमनांचा तळ होता.

सगळ्यांत म्हातारं नाव कुणाचं? केंटचं. रोमन सेनापती ज्युलियस सीझर इसवी सनापूर्वी ५५ मध्ये समुद्र ओलांडून आला, तेव्हा त्याने लिहून ठेवलंय 'कँटियम'. अर्थ बहुधा कड, किनारा. नकाशात बघा, केंट आहेच इंग्लंडच्या कडेला, फ्रान्सकडे हनुवटी काढून बसलेला. दोन हजार वर्षांत कितीजण आले नि गेले, पण या नावाचा फक्त शेवट गळाला. २००० साली राहुल द्रविड केंटकडून खेळला. न हलता खेळपट्टीवर उभं राहण्यात दोघांची जोडी चांगली जमली म्हणायची.

पण सगळीच नावं अशी आपोआप, जिभेवर घोळून झालेली नाहीत. काही कचेरीत बसूनही झाली आहेत. १ एप्रिल १९७४ रोजी तिथल्या सरकारने जिल्ह्यांची मोठी उलथापालथ केली. (एप्रिल फूल नव्हे, सरकारी वर्षच तेव्हा सुरू होतं.) काही जिल्हे जोडले, काही पुसले. सगळ्यांत लहान होता रटलंड, रोटा नावाच्या कुणाची तरी जमीन. मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढी होतात त्यापेक्षाही तो लहान. त्याचं ब्रीदवाक्य आहे 'थोडक्यात पुष्कळ'. मूर्ती लहान पण कीर्ती महान! तोही शेजारच्या लेस्टरशायरमध्ये विरघळवला. पण रटलंडची माणसं काही गप्प बसली नाहीत आणि १९९७ मध्ये त्यांनी आपला कारभार आपल्याकडे परत मिळवला.

त्याच उलथापालथीत ब्रिस्टल शहराभोवती एक नवाकोरा जिल्हा तयार झाला. नाव काय ठेवायचं? तिथून एव्हन नावाची नदी वाहते, म्हणून जिल्हा एव्हन. आता मजा ऐका. केल्टिक भाषेत एव्हनचा अर्थच मुळी 'नदी'. सॅक्सनांनी कधीतरी बोट दाखवून विचारलं असेल, हे काय? समोरचा म्हणाला असेल, नदी! त्यांना वाटलं हे तिचं नाव. तेव्हापासून इंग्लंडमध्ये 'एव्हन नदी' वाहते, म्हणजे 'नदी नदी'. पिवळा पीतांबर तसा हा प्रकार! आणि एक नव्हे, इंग्लंडात अशा बऱ्याच 'नदी नदी' आहेत.

लोकांना तो एव्हन जिल्हा कधी आपला वाटलाच नाही. १९९६ मध्ये, पुन्हा १ एप्रिललाच, तो मोडीत काढला. बावीस वर्षांचं आयुष्य. मिडलसेक्सच्या म्हातारपणापुढे हे अगदीच शेंबडं पोर!

आणि आता तो राहिलेला सॉमरसेट. त्यात 'समर' आहे तो खराच उन्हाळा. तिथली बरीच जमीन सखल, हिवाळ्यात पाण्याखाली जाणारी. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की लोक गुरं घेऊन यायचे. तिथे सॉमर्टन नावाचं गाव आहे, उन्हाळ्यातल्या मुक्कामाचं. त्याच्या आसपासची माणसं ते सॉमरसेट, म्हणजे 'उन्हाळकरी' म्हणा हवं तर.

शेवटची गोष्ट सांगते. एव्हन जिल्हा गेला, पण १९७४ मध्ये त्याच्या आणि सॉमरसेटच्या नावाने जे पोलीस दल उभं राहिलं, ते काही कुणी मोडलं नाही. आजही त्यांच्या गाड्यांवर ऐटीत लिहिलेलं असतं 'एव्हन अँड सॉमरसेट पोलीस'. भाचीने मनातल्या मनात त्याचं मराठी केलं आणि एकदम उठून सॅल्यूट ठोकला.

"हात वर करा! आम्ही नदी आणि उन्हाळकऱ्यांचे पोलीस!"